'उपेक्षित बहुसंख्य' आणि तंत्रज्ञ-शिक्षणाचे नेतृत्व : एक चिकित्सा

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या तंत्रज्ञ-शिक्षणाचा विचार डेल पार्नेल यांचा 'द निग्लेक्टेड मेजॉरिटी' (१९८५) हा ग्रंथ वगळून करता येत नाही. पार्नेल हे आधी ओरेगॉन राज्याचे शिक्षणप्रमुख आणि पुढे १९८१ ते १९९१ या काळात कम्युनिटी व ज्युनिअर कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. साहजिकच हा ग्रंथ अलिप्त अभ्यासकाचा नसून एका चळवळीच्या नेत्याचा आहे, व त्याचे मूल्यमापनही त्याच अंगाने व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील भूमिका, तिच्यावर येणारा आक्षेप आणि तिचे उत्तरकालीन रूप यांची चिकित्सा केली आहे.

१९८३ च्या 'अ नेशन ॲट रिस्क' या अहवालानंतर अमेरिकेत 'गुणवत्ता' या शब्दाचा उदोउदो सुरू झाला. गुणवत्ता म्हणजे पदवीची तयारी, असे समीकरण रूढ होऊ लागले. पार्नेल यांनी विचारले की, जो विद्यार्थी पहिल्या रांगेत नाही आणि अगदी शेवटच्या रांगेतही नाही, त्याचे काय? त्यांनी सुचविलेली योजना 'दोन अधिक दोन' या नावाने ओळखली जाते. शाळेची शेवटची दोन वर्षे आणि कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षे एका सूत्रात ओवावीत, उपयोजित भौतिकशास्त्र, गणित व तांत्रिक संवाद यांचा पक्का पाया घालावा आणि त्यावर विशिष्ट तंत्रशाखा उभी करावी, असे तिचे स्वरूप. सर्व विषय थोडे थोडे शिकून कशासाठीच तयार न होणाऱ्या विद्यार्थ्याचे त्यांनी केलेले निदान हा ग्रंथाचा सर्वांत बळकट भाग होय. सामान्य विद्यार्थ्याला कनिष्ठ न मानण्याची त्यांची भूमिकाही मनापासूनची वाटते.

तथापि, 'उपेक्षित' हे विशेषण लावणारे कोण, हा प्रश्न उरतोच. स्टीव्हन ब्रिंट व जेरोम काराबेल यांच्या 'द डायव्हर्टेड ड्रीम' (१९८९) या ग्रंथाने तो प्रकर्षाने पुढे आणला. त्यांच्या मते व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आग्रह दीर्घकाळ ना विद्यार्थ्यांनी धरला होता, ना उद्योगांनी. तो धरला लिओनार्ड कूस, वॉल्टर इल्स यांच्यासारख्या या चळवळीच्या धुरीणांनी. वरच्या व्यवसायांच्या वाटा विद्यापीठांनी अडविलेल्या असल्याने त्यांनी मधल्या स्तरावरील व्यवसाय आपलेसे केले. विद्यार्थ्यांना मात्र पदवीच हवी होती. बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच महत्त्वाकांक्षा हळूहळू 'थंड' करण्याच्या या कार्याचे वर्णन केले होते. या प्रकाशात पार्नेल यांच्या युक्तिवादातील कच्चा दुवा स्पष्ट होतो. बहुतेक विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचत नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. पार्नेल तिला योजनेचा आधार बनवितात. जे घडते तेच घडणार असे गृहीत धरले, की सोळा वर्षांच्या मुलाची वाट त्याच्याऐवजी आकडेवारी ठरविते.

ब्रिंट-काराबेल यांचीही एक मर्यादा आहे. व्यावसायिक शिक्षण हा जणू एकजिनसी गोळा आहे, असे त्यांच्या विवेचनात वाटत राहते. कार्यालयीन कामाचा अभ्यासक्रम आणि लेसर-यंत्रणा हाताळण्याचे शिक्षण यांत नेमके काय शिकविले जाते, याकडे त्यांचे लक्ष कमी आहे.

१९९२ च्या वैज्ञानिक व प्रगत तंत्रज्ञान कायद्याने नेमके येथेच वेगळे वळण दिले. १९५० मध्ये स्थापन झालेली व मुख्यत्वे विद्यापीठीय संशोधनाला साहाय्य करणारी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान ही संस्था त्यामुळे दोन वर्षांच्या कॉलेजांकडे वळली. या प्रगत तंत्रज्ञान शिक्षण कार्यक्रमात दोन वर्षांच्या कॉलेजांची भूमिका नेतृत्वाची असावी, हे तत्त्व ठरले. परिणामी प्रस्ताव लिहिणारा, उद्योगांना एकत्र आणणारा, अभ्यासक्रम रचणारा प्राध्यापक हाच नेता ठरला. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड टेक्निकल कम्युनिटी कॉलेज जुन्या शस्त्रागाराच्या आवारात उभे आहे. १९९० च्या दशकात तेथे दूरसंचार तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. (ब्रिंट-काराबेल यांनी सविस्तर अभ्यासलेले राज्यही हेच, हा योगायोग मोठा बोलका आहे.) पार्नेल यांच्या कल्पनेतून १९९० च्या पर्किन्स कायद्यात आलेल्या 'टेक प्रेप'चा स्वतंत्र निधी मात्र २०११ मध्ये बंद झाला. सूत्रानुसार राज्याराज्यांत वाटला गेलेला पैसा आणि स्पर्धेतून निवडलेल्या प्राध्यापकाच्या हाती आलेला पैसा यांतील हा फरक असावा. अर्थात दुसऱ्या पद्धतीतही धोका आहे. केंद्र व्यक्तीभोवती उभे राहते; अनुदान संपले वा ती व्यक्ती निवृत्त झाली, की ते टिकविणे अवघड होते.

शिवाय मूळ आक्षेपाचे उत्तर कॉलेजमधील नेतृत्वाच्या हाती पूर्णपणे नाही. उपयोजित विज्ञानातील असोसिएट पदवीचे सगळे श्रेयांक चार वर्षांची विद्यापीठे बहुधा स्वीकारत नाहीत. अभ्यासक्रम कितीही कसदार असो, तो पुढे मोजला जाईल की नाही हे पलीकडच्या संस्थेवर अवलंबून राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, तेव्हा अमेरिकेतील नाव भारतात रुजले. परंतु महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याची सोय त्याआधीपासूनच होती, आणि ती कोणा एका प्राध्यापकाच्या उत्साहावर नव्हे, तर प्रवेशाच्या नियमावर उभी आहे.