समूहगान : कोणाचा गळा, कोणाचा आवाज?

शाळेतील समूहगानाविषयी आपल्या वैचारिक नियतकालिकांतून फारसे लिहिले जात नाही. पंधरा ऑगस्टला मुले गातात, पाहुणे टाळ्या वाजवितात, खाऊ वाटला जातो. यात चिकित्सा करण्यासारखे काय आहे, असे आपल्या कार्यकर्त्यांनाही वाटते. पाठ्यपुस्तकांची आपण झडती घेतो, गाण्याच्या तासाची घेत नाही. माझ्या मते ही चूक आहे. चारचौघांत आवाज काढण्याचा आपल्याला हक्क आहे की नाही, याचा निकाल पाचवी ते आठवीच्या मुलापुरता पुष्कळदा ह्याच तासाला लागतो.

माझा निकाल १९७४ साली लागला. मी सातवीत होतो. स्वातंत्र्यदिनाच्या गाण्यासाठी गुरुजींनी चाळीसेक मुले उभी केली होती. गाण्यात ‘ण’ आला की माझ्या तोंडून ‘न’ निघे. दोनदा थांबवून झाल्यावर गुरुजी म्हणाले, “तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.” उंचीमुळे मी मागच्या रांगेत शोभत होतो, म्हणून मला काढले नाही, एवढेच. त्या सकाळी मी ध्वजाखाली तीन कडवी नुसते ओठ हलविले. आणि त्याच आठवड्यात रात्री वस्तीत मी गात होतो! वडील तरुणपणी जलशात झीलकरी होते; आता वस्तीची गायन पार्टी होती आणि तिच्यात मी कोरस धरीत असे. “पोराचा आवाज खणखणीत हाय,” म्हणून म्हातारी माणसे मला पुढे ओढीत. एकच गळा रात्री चालतो आणि सकाळी चालत नाही, तेव्हा दोष गळ्याचा नसतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

‘गोड गळा’ ही प्रस्थापित संगीतदृष्टीची कसोटी आहे. एकट्याच्या गायनाला ती खुशाल लावा. समूहगानाला ती लावणे म्हणजे समूहच मोडणे होय. समूहात एकाचा दम तुटला की शेजारचा ओळ सांभाळतो. ज्याला सूर सापडत नाही, तो शेजाऱ्याच्या सुराला कान लावून हळूहळू सापडवतो. वर्गात उभे राहून उत्तर द्यायला घाबरणारे पोरही तेथे तोंड उघडते, कारण चूक झालीच तर ती त्याच्या एकट्याच्या नावावर लागत नाही. मग निवड करून ‘चांगल्या आवाजाची’ पंधरा मुले पुढे काढायची, तर ज्यांना ह्या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, नेमकी तीच बाहेर. उच्चार शिकवू नयेत, असे मी म्हणत नाही. ‘ण’ अवश्य शिकवावा. पण तो गाता गाता शिकवावा. येईपर्यंत गप्प बसवून नव्हे.

आणखी एक गोष्ट. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलग्यांचे स्वरयंत्र वाढते, आवाज फुटतो. कालपर्यंत लागणारा वरचा सूर आज चिरकतो. पेटीची पट्टी मात्र पाचवीच्या मुलांच्या सोयीने ठरलेली असते. मग ‘हा बेसूर झाला’ म्हणून आठवीचा मुलगा काढून टाकण्यात येतो. उपाय अगदी साधा आहे : पट्टी दोन सुरांनी खाली आणावी; तेही न झेपले तर त्याला खालच्या सप्तकात गाऊ द्यावे. मुलींची अडचण निराळी. ‘आता मोठी झालीस’ म्हणून त्यांचे गाणे घरूनच बंद होते. त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल.

शाळेतील समूहगानाचा घाट कवायतीचा आहे. सर्वांनी एकच ओळ, एकाच वेळी, मास्तरांच्या हाताकडे पाहून म्हणावयाची. पोवाड्यातील झील अशी नसते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, लांबवितात, शाहिराला दम घ्यायला सवड देतात. येथे मागची माणसे शोभेची नाहीत; ती थांबली तर पोवाडा थांबतो. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी साथीदारांच्या ह्याच बळावर गावोगाव प्रबोधन केले. १९४४ च्या लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर कामगारांपुढे उभे राहिले, तेही समूहाच्याच आवाजाने. आपल्या समीक्षेने शाहिराची दखल घेतली, झीलकऱ्याची घेतली नाही. शाळेच्या संगीताला तर त्याचा पत्ताच नाही.

मग वस्तीचे गाणे शाळेच्या मंचावर न्यावे काय? जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच काळात, १८७१ पासून, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय विद्यार्थी, त्यांतील बहुतेक जन्माने गुलाम, आपली संस्था वाचविण्यासाठी गावोगाव गात फिरत होते. आईबापांची गाणी गोऱ्यांपुढे म्हणायला त्यांना आरंभी संकोच वाटे. पुढे त्यांनी तीच म्हटली आणि त्या पैशातून १८७६ पर्यंत जुबिली हॉलची इमारत उभी राहिली. मात्र १९३४ साली झोरा नील हर्स्टन ह्या कृष्णवर्णीय लेखिकेने आक्षेप घेतला, की मंचावर घोटून बसविलेली ही गाणी म्हणजे लोकांचे मूळ गाणे नव्हे. आक्षेप खरा आहे. भीमगीत शाळेत आले की त्यातील खरखर पुसली जाते, हे मी पाहिले आहे. तरीही ते यावे, अशा मताचा मी आहे. मात्र त्याबरोबर ते म्हणणारी पोरे आणि त्यांची झीलही आली पाहिजे.

मी शिक्षक झालो तेव्हा ठरविले होते, की कोणालाही काढायचे नाही. बरीच वर्षे ते पाळले. मग एकदा आमची शाळा तालुक्याच्या स्पर्धेत उतरली. परीक्षकांच्या तक्त्यात उच्चारशुद्धीला गुण होते, आणि मुख्याध्यापक ढालीविषयी रोज विचारीत. मी सातवीच्या दोन मुलांना सांगितले, “तुम्ही सामान सांभाळा.” ढाल आली. त्यांतील एक मुलगा पुढे आठवीभर माझ्या तासाला मागच्या बाकावर बसला आणि सगळ्यांनी मिळून कविता म्हणताना नुसते ओठ हलवीत राहिला.