गुण आणि गुण

मराठी भाषेनें विद्यार्थ्याचा एक मोठा घात केला आहे. परीक्षेंत मिळतो तोही गुण आणि अंगीं असतो तोही गुण! हा श्लेष कवीस शोभला असता. महाविद्यालयाच्या दारीं मात्र तोच न्यायाधीश होऊन बसला आहे.

लातूरचें उदाहरण घ्यावें. बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश ठरत, त्या काळीं येथील राजर्षी शाहू व दयानंद महाविद्यालयांनीं अखंड सराव व चाचण्या यांच्या बळावर गुणवत्ता यादी गाजविली, आणि ‘लातूर पॅटर्न’ हें नांव सर्वतोमुखीं झालें. पुढें ‘नीट’ परीक्षा आली; गुण ७२०, चुकीच्या उत्तरास एक वजा. कसोटी बदलली तसा पॅटर्नही बदलला, व नांदेडांतही शिकवणीवर्गांच्या पेठा वसल्या. कित्येक विद्वान् यास घोकंपट्टी म्हणून हिणवितात. आम्हांस तें पटत नाहीं. कुलूप जसें, तशी किल्ली. घडविणाऱ्यास दोष कां द्यावा?

दोष कुलूप लावणाऱ्यांचा आहे. वैद्यकीय जागांपैकीं शेंकडा ७० त्या त्या विभागांतील मुलांस व ३० उरलेल्या राज्यास, असा नियम महाराष्ट्रांत होता. हेतु चांगला, पण मराठवाड्यांत महाविद्यालयेंच थोडीं, म्हणून येथील मुलगा इतरांहून अधिक गुण मिळवूनही बाहेर राही. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें तो नियम रद्द केला, हें योग्यच झालें.

परंतु एवढ्यानें न्याय पुरा झाला काय? लातुरांत दोन वर्षें राहून तयारी केलेला मुलगा आणि शिकवणीची फी न झेपणारा किनवटच्या तांड्यावरचा मुलगा, या दोघांच्या आंकड्यांचा अर्थ एकच कसा? आरक्षणानें या अन्यायाचा कांहीं भाग दूर होतो, सर्व नव्हे. तामिळनाडूनें २०२० सालीं कायदा करून, सरकारी शाळांत शिकून ‘नीट’ उत्तीर्ण झालेल्या मुलांस राज्याच्या वैद्यकीय जागांपैकीं शेंकडा साडेसात जागा राखल्या. परीक्षा मोडली नाहीं. आंकड्यामागची वाट तेवढी जमेस धरली.

तो नियम येथें जसाच्या तसा उचलून भागणार नाहीं. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुधा सातवी-आठवीशीं संपते, व पुढें खासगी अनुदानित शाळा गांठावी लागते. म्हणून मुलगा कोठें शिकला याबरोबरच कोणत्या परिस्थितींत शिकला, हेंही पाहावें लागेल. काम कठीण आहे खरें; पण आंकडा वाचणें सोपें म्हणून तोच माणसाचा गुण समजणें, हा आळस होय. त्याची किंमत किनवटच्या मुलानें कां मोजावी?