घरांतील दप्तर आणि फडक्यांचे कागद

पनवेलजवळील शिरढोण हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. त्यांच्या 1879 च्या बंडाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. परंतु त्यांनीं मागें ठेवलेलें आत्मवृत्त व रोजनिशी यांचा वाङ्मय म्हणून विचार करण्याची संवय आपणांस नाहीं.

बंड फसत चाललेलें असतां श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या आश्रयास जाऊन त्यांनीं हें आत्मवृत्त लिहिलें. पुढें ते पकडले गेले आणि पुण्याच्या खटल्यांत त्यांचेच कागद त्यांच्यावर पुरावा झाले. जन्मठेपेवर एडनला गेलेला हा पुरुष 1883 सालीं तेथेंच निवर्तला. कागद मात्र राहिले. त्यांचें इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारनें 1957 सालीं स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथांत छापलें.

या लेखनाचा खरा गुण कोणता? त्यांत वीराचा आव नाहीं. दुष्काळानें गांजलेल्या लोकांविषयींचा कळवळा आहे, तशीच सोबत्यांचें लक्ष लुटीच्या पैशावर असल्याची कडवट तक्रारही आहे. आणि यश न आल्याची खंत आहे. पुढें चरित्रकारांस अडचणीच्या वाटाव्यात अशाच या गोष्टी; पण त्यांच्यामुळेंच माणूस जिवंत भेटतो.

येथें एक विपरीत गोष्ट ध्यानांत येते. हे कागद आप्तांच्या हातीं राहते तर कदाचित् भीतीनें जाळले गेले असते, नाहीं तर भक्तीनें सोंवळे केले गेले असते. सरकारला त्यांतील उणें झांकण्याचें कारणच नव्हतें! मात्र त्याची किंमतही आपण दिली आहे : मराठींत लिहिणारा हा माणूस आज आपणांस मुख्यतः परक्या भाषेंतून भेटतो. त्याचा मजकूर कळतो. त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं.

आपल्या घरोघरच्या पेट्यांत जमाखर्चाच्या वह्या, आजीचीं पत्रें, खोडाखोड केलेले अर्ज असतात. दिवाळीच्या साफसफाईंत लग्नाची पत्रिका व मानपत्र राहतें. कर्जाची चिठ्ठी आणि भांडणाचें पत्र रद्दींत जातें. जें मिरवावयाचें तेवढेंच ठेवणें हें जतन नव्हे. वारसानें निवड करावी ती वाळवीपासून वांचविण्यापुरती. मजकुराचा न्याय पुढच्या वाचकाकडे सोंपवावा.