खुनी कोण, ते विचारू नका

इतर पुस्तकांची शिफारस करणं सोपं असतं. प्रवासवर्णन असेल तर लेखक कुठे कुठे जाऊन आला ते सांगावं. चरित्र असेल तर चरित्रनायक पहाटे किती वाजता उठत असे ते सांगावं. पाककृतींचं पुस्तक असेल तर काहीच सांगू नये, करून वाढावं. पण रहस्यकथेची शिफारस करणाऱ्याची अवस्था लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखी असते. खोटं बोलायचं नाही आणि मुख्य गोष्ट सांगायची नाही! नुसतं 'शेवट काय जबरदस्त आहे' म्हटलं, तरी ऐकणारा सावध होतो आणि पहिल्या पानापासून कथेतल्या सगळ्यात गरीब माणसावर डोळा ठेवतो.

माझं या विषयातलं शिक्षण बाबूराव अर्नाळकरांच्या शाळेत झालं. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी! झुंजार आणि काळा पहाड यांनी माझ्या गणिताच्या कितीतरी चाचण्यांचा खून केला. ही पुस्तकं मी वाचनालयातून आणत असे, आणि तिथला कोणी अज्ञात परोपकारी गृहस्थ तिसऱ्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवत असे. त्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला. पण एक मात्र त्याच्यामुळे कळलं. नाव वाचल्यावर काही पुस्तकांतली हवाच जाई, तर काही तशीच धावत राहत. तेव्हापासून माझी हीच कसोटी. खुनी ठाऊक असूनही जी खाली ठेववत नाही, ती खरी रहस्यकथा.

या पेन्सिलीच्या कसोटीला उतरलेली या शतकातली चार पुस्तकं सांगतो. चारही इंग्रजीत मिळतात.

पहिलं, केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी 2005 सालचं. इथे लेखकाने स्वतःच पेन्सिल चालवलीय! डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी एक बाई आणि तिची मुलगी. त्रास देणारा पूर्वीचा नवरा दारात येतो आणि सुरुवातीलाच त्याचा खून होतो, आपल्या डोळ्यांदेखत. शेजारी राहतात गणिताचे एक अबोल मास्तर. ते भिंतीपलीकडून सगळं ओळखतात आणि पुढची व्यवस्था हातात घेतात. मग उरतं काय? तर मास्तरांनी नेमकं केलं काय आणि कशासाठी, हे. पोलिसांच्या मदतीला मास्तरांचाच कॉलेजातला दोस्त येतो, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. दोन हुशार माणसं समोरासमोर बसून गणितावर बोलतात आणि आपला घसा कोरडा पडतो. दोष काढायचाच तर बायकांची पात्रं जरा पातळ आहेत. यावरून 2023 मध्ये 'जाने जान' हा हिंदी चित्रपट निघाला. तो पाहिला नसाल तर आधी पुस्तक.

दुसरं, रिचर्ड ऑस्मन यांचं 'द थर्सडे मर्डर क्लब', 2020 सालचं. इंग्लंडातल्या केंट परगण्यात निवृत्तांची एक वसाहत आहे. तिथली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून न सुटलेल्या जुन्या खुनांची उजळणी करतात. आपल्याकडे गुरुवारी भजन असतं, तसं. मग खराच खून पडतो आणि मंडळींना तरतरी येते. खरं सांगायचं तर रहस्याचा गुंता शेवटी जरा जास्तच होतो, योगायोगही फार. पण जॉइस या निवृत्त नर्सबाईंची रोजनिशी वाचून पाहा. विनोदाच्या आड जोडीदार गेल्यानंतरचं रिकामं घर दिसत राहतं.

पुढची दोन्ही आपल्या मुंबईची. सुजाता मॅसी यांचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' 2018 साली आलं. काळ 1921 चा. परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी वडिलांच्या पेढीत वकिली काम पाहते. एका गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि तिघीही आपला वारसाहक्क सोडून देताहेत. त्यांना विचारणार कोण? पुरुष वकिलाला तर आत प्रवेश नाही. परवीनचं रूप ज्यांच्यावरून सुचलं त्या कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशकात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. परवीनच्या लग्नाची कलकत्त्यातली हकीकत मधे येते तेव्हा खून बाजूला पडतो, अशी तक्रार ऐकू येते. मला तोच भाग अधिक झोंबला.

चौथं, वसीम खान यांचं 'मिडनाइट ॲट मलबार हाउस', 2020 चं. 1949 च्या शेवटच्या रात्री एका इंग्रज मुत्सद्द्याचा त्याच्याच मेजवानीत खून होतो. तपास येतो पर्सिस वाडिया या कल्पित इन्स्पेक्टरबाईंकडे. पोलीस खात्यात नको असलेली माणसं जिथे पाठवतात त्या चौकीत तिला टाकलेलं असतं. फाळणीला अडीच वर्षंही झालेली नाहीत, प्रजासत्ताक पंचवीस-सव्वीस दिवसांवर. या कादंबरीला 2021 मध्ये ब्रिटनमधला ऐतिहासिक रहस्यकथेचा डॅगर पुरस्कार मिळाला. इतिहासाची माहिती कधी कधी पाठ्यपुस्तकासारखी समोर येते, पण पर्सिसचा फटकळपणा ती पचवतो.

आता गंमत पाहा. अबोल मास्तर, निवृत्त म्हातारे, पडद्यातल्या विधवा, अडगळीतली इन्स्पेक्टर. एरवी यांच्याकडे कोण बघतो? सामाजिक कादंबरीत मोलकरीण चहा ठेवून जाते ती जातेच. रहस्यकथेत मात्र ती कप कुठल्या हाताने ठेवते, ठेवताना कोणाकडे बघते, हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. सगळेच संशयित असल्यामुळे प्रत्येक माणसाला नीट निरखावं लागतं. खुन्याचं नाव महिन्याभरात विसरतं. ही निरखायची सवय राहते.

कुठून सुरुवात करू म्हणाल, तर घरात आजी-आजोबा असतील तर ऑस्मन. मुंबईवर जीव असेल तर मॅसी, मागोमाग खान. आणि दुसऱ्या दिवशी सुटी असेल तरच हिगाशिनो, कारण ते रात्री संपवल्याशिवाय झोप येत नाही. मग सकाळी जिन्यात शेजारचे मास्तर भेटले, तर नुसती मान हलवून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबून चौकशी करा.