उत्तर प्रदेशातले जुलाब खरंच इतके घटले?

उत्तर प्रदेशात पाच वर्षांखालच्या मुलांमधलं जुलाबांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ५.६ वर आलं, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी आणि पाचवी फेरी शेजारी ठेवल्यावर दिसतं. आकडे खोटे नाहीत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

बघा, आईला विचारतात ते फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल. म्हणजे सर्वेक्षणवाले दारात कुठल्या महिन्यात आले, यावर बरंच ठरतं. चौथ्या वेळी ते जानेवारी ते ऑगस्ट २०१६ फिरले. पाचव्या वेळी जानेवारी ते मार्च २०२०, मग लॉकडाऊन, मग नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१. पावसाळा सापडलाच नाही!

रोटाव्हायरसची लस, शौचालयं यांचा वाटा असेलच. पण तो किती, हे या वजाबाकीतून कळत नाही.

मुलाखतीचा महिना मॉडेलमध्ये घाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो. पण ज्या महिन्यांची एकही नोंद नाही, त्यांचा परिणाम मॉडेल बिहारकडून उसना आणणार. त्यापेक्षा २०१६ च्या जानेवारी-एप्रिलमधल्या मुलाखतीच वेगळ्या काढा आणि तेव्हा कोणते जिल्हे झाले होते तेही तपासा. नमुना लहान होईल, अनिश्चितता वाढेल. चालेल.