‘तेच लाकूड’ म्हणजे नेमकं कोणतं?

पांढरकवड्यातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडकीची चौकट सागवानाची. खालची आडवी पट्टी पावसानं कुजली, म्हणून भर पावसाळ्यात तेवढा भाग कापून सागाचंच ठिगळ बसवलं. सांधा इतका घट्ट की बोट फिरवून कळेना. मे महिन्यात मात्र त्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट! साग तर सागच होता, मग चुकलं कुठे?

या प्रश्नासाठी मी इकोमॉसची लाकडी वारशाच्या जतनाची तत्त्वं वाचली. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीतच ती संमत झाली. नवं लाकूड शक्यतो मूळ जातीचंच असावं, ओलाव्यात मूळ लाकडाशी जुळावं आणि जिथे दिसणार असेल तिथे रेषाही सारख्या असाव्यात, असं त्यांत म्हटलंय. दस्तऐवज चांगला आहे, पण संशोधक म्हणून वाचताना मी दोन ठिकाणी अडले.

पहिलं, ओलावा. जुळावा, पण कोणत्या महिन्यातला? आपल्याकडे ऑगस्टमधलं लाकूड आणि मेमधलं लाकूड यांत मोठा फरक. मोजणीची वेळ आणि जागा दिलेली नसेल, तर ‘जुळतं’ हा शब्द तुम्ही तपासणार कसा?

दुसरी अडचण जास्त गंभीर वाटते. रेषांचा विचार इथे दिसण्यापुरताच केलाय. ओला साग पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या कडेकडेनं सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेत फक्त २.५ टक्के. आता हिशेब करा: १० सेंटीमीटर रुंद तुकडा, ओलावा ८ टक्क्यांनी उतरला. पहिल्या दिशेत साधारण दीड मिलीमीटर घट, दुसरीत जेमतेम पाऊण. म्हणजे एकाच झाडाच्या, सारख्याच ओल्या दोन फळ्या नुसत्या वेगळ्या कापल्या म्हणून सांधा उघडू शकतो. रंगाखाली दडलेल्या चौकटीतही हे घडतंच, तिथे रेषा कुणाला दिसणार?

आणि ‘मूळ जात’? सालीलगतचं पांढरट लाकूडही सागच असतं. वाळवी मात्र ते आवडीनं खाते, गाभ्याच्या वाटेला फारशी जात नाही.

कुणी म्हणेल, तत्त्वं म्हणजे काही सुताराची वही नव्हे, एवढा तपशील कशाला? मान्य. पण मग ‘दिसणार असेल तिथे’ ही अट तरी कशासाठी घातली? तेवढी काढली असती तरी अर्थ बदलला असता. (१९९९ च्या जुन्या तत्त्वांत भौतिक गुणधर्मही जुळावेत असं मोघम का होईना, पण होतं. मला तेच बरं वाटतं.)

तुमच्या प्रस्तावात ‘सुसंगत नमुना’ लिहिलं असेल, तर त्याखाली एक तक्ता करून पाहा: कोणता गुण, कोणत्या दिशेत, कोणत्या ऋतूत मोजला. माझा पहिला तक्ता अर्धा रिकामा होता. आमच्या खिडकीचं ठिगळ आता उन्हाळ्यातच बदलायचं ठरलंय. या वेळी फळीचं टोक बघूनच घेणार.