अंशांचा मेळ आणि पूर्णाचा अभ्यास : नवीकरणक्षम ऊर्जेच्या एका युरोपीय पदव्युत्तर अभ्यासक्रमाची समीक्षा

अभ्यासक्रमाची आखणी करणारा, जाणता-अजाणता, एक सिद्धान्तच मांडीत असतो. विषयाचे स्वरूप काय, त्याचा गाभा कोठे आहे, त्याचे कोणते भाग वेगळे काढून शिकविता येतात, याविषयीचा त्याचा निर्णय तासिकांच्या वाटणीतून व्यक्त होतो. म्हणून ग्रंथाप्रमाणे अभ्यासक्रमाचीही समीक्षा होऊ शकते, व ती व्हावयास हवी. अनेक विद्यापीठांनी मिळून चालविलेल्या अभ्यासक्रमाच्या बाबतीत तर ती विशेष अगत्याची ठरते. कारण तेथे विषयाची वाटणी स्थळांच्या वाटणीशी बांधली जाते, आणि एकदा बांधली गेली म्हणजे ती सहजासहजी बदलत नाही.

नवीकरणक्षम ऊर्जेचा युरोपीय पदव्युत्तर अभ्यासक्रम हे या प्रकारचे एक ठळक उदाहरण होय. युरोपातील ऊर्जासंशोधन केंद्रांचा ‘युरेक’ हा संघ १९९१ साली स्थापन झाला. त्याच्या पुढाकाराने २००२ साली हा अभ्यासक्रम सुरू करण्यात आला. त्याची रचना तीन सत्रांची आहे. पहिले सत्र मूलभूत शिक्षणाचे : सूर्य, वारा, पाणी, जैवभार इत्यादी स्रोतांचा व त्यांच्या तंत्रांचा त्यात परिचय होतो. दुसरे सत्र विशेषाध्ययनाचे. त्यासाठी विद्यार्थी बहुधा दुसऱ्या देशातील विद्यापीठात जातो. तिसरे सत्र प्रकल्पाचे. ते एखाद्या उद्योगात वा संशोधनसंस्थेत पार पडते. सहभागी विद्यापीठांची यादी काळाच्या ओघात बदलत गेली असली, तरी हा त्रिदल आराखडा टिकून राहिला आहे.

या आराखड्याचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. विशेषाध्ययनाची स्थाने येथे यदृच्छेने निवडलेली दिसत नाहीत. पवनऊर्जेसाठी अथेन्स, सौरऔष्णिक ऊर्जेसाठी पेर्पिन्यां, सागरी ऊर्जेसाठी लिस्बन, ही निवड भूगोलाला व संशोधनपरंपरेला धरून आहे. पेर्पिन्यांपासून फार दूर नसलेल्या ओदेयो येथे १,००० किलोवॉटची सौरभट्टी आहे. लिस्बनच्या पाठीशी अटलांटिकच्या लाटांवरील दीर्घ संशोधन आहे. एवढी साधने एकाच विद्यापीठाने उभारावयाची म्हटल्यास ते कोणालाही झेपणारे नाही. शिवाय भिन्न देशांचे व भिन्न विद्याशाखांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, हाही लाभ लहान नव्हे. सहकार्याचा हेतू साधनांची वाटणी एवढाच असता, तर ही योजना निर्दोष म्हणावयास हरकत नव्हती.

परंतु प्रश्न साधनांपाशी थांबत नाही. पवन, सौर, सागरी या विशेषविषयांच्या पंक्तीतच साराग़ोसा येथील ‘ग्रिडशी जोडणी’ हा विषय बसविलेला आहे. येथेच या आराखड्यातील मूळ विसंगती प्रकट होते. वारा, सूर्य व लाटा हे ऊर्जेचे स्रोत आहेत. ग्रिड हा स्रोत नव्हे; ज्या एका व्यवस्थेत सर्व स्रोतांना एकत्र यावे लागते, ती ग्रिड होय. तिला इतरांच्या रांगेत बसविणे म्हणजे पूर्णालाच एक अंश ठरविणे. परिणामी अथेन्सला गेलेला विद्यार्थी पवनचक्कीत पारंगत होतो, पण तिची वीज ज्या जाळ्यात जाते त्याचे सखोल ज्ञान त्याच्या सहाध्यायाच्या वाट्याला जाते.

ही चूक केवळ व्यवस्थापनाची नाही. तिच्या मुळाशी ज्ञानाविषयीची एक धारणा आहे. प्रत्येक ऊर्जायंत्राला त्याची सैद्धान्तिक मर्यादा असते. वाऱ्याच्या गतिज ऊर्जेपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक भाग कोणत्याही पवनचक्कीला घेता येत नाही, हे बेट्झ यांनी १९२० साली दाखविले. एकसंधी सौरघटाच्या कार्यक्षमतेची मर्यादा शॉक्ली व क्वाइसर यांनी १९६१ साली मांडली. अशा मर्यादांमुळे यंत्राचा अभ्यास रेखीव होतो, स्वतंत्र सत्रात बसविता येतो आणि परीक्षेलाही सोयीचा असतो. व्यवस्थेच्या अभ्यासाला असा एखादा आकडा नाही. तेथे यंत्रांचे परस्परसंबंध, मागणीची वेळ, साठवण, दर व नियमने यांचा एकत्र विचार करून निर्णय घ्यावा लागतो. जे रेखीव ते शिकवावे आणि जे विवेकावर अवलंबून ते प्रकल्पावर सोपवावे, अशी प्रवृत्ती या आराखड्यात दिसते.

तिचे मोल किती, हे खुद्द साराग़ोसाच्या देशातच दिसून आले. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन व पोर्तुगाल यांच्या मुख्य भूमीवरील वीजपुरवठा काही क्षणांत कोसळला. त्या वेळी सूर्यप्रकाश भरपूर होता. विजेची टंचाई हे कारण नव्हतेच. विद्युत्‌दाब अनावर वाढत गेला आणि एकामागून एक केंद्रे जाळ्यातून तुटत गेली, असा निष्कर्ष युरोपीय तज्ज्ञसमितीने काढला. तेव्हाच्या नियमांनुसार तेथील सौर व पवन केंद्रे सामान्यतः शक्तिगुणक स्थिर ठेवून चालत; दाबातील चढउताराला प्रतिसाद देण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. ज्यांच्याकडे ते होते त्या पारंपरिक केंद्रांपैकी काहींनी ते पुरेसे केले नाही, असे स्पेनच्या शासकीय अहवालाचे म्हणणे आहे. जबाबदारी कोणाची हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट स्पष्ट होते. आपापल्या जागी चोख चालणारी यंत्रे एकत्र आल्यावर कशी वागतील, हे एकेका यंत्राच्या अभ्यासातून कळत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, तीन सत्रांत सर्वज्ञ घडविणे शक्य नाही, आणि विशेषज्ञता टाळली तर पदवी पोकळ राहील. आक्षेप वजनदार आहे. तथापि येथे मागणी सर्वज्ञतेची नाही. पवनऊर्जेच्या विद्यार्थ्याने ग्रिडचा तज्ज्ञ व्हावे असे नव्हे. आपल्या यंत्राने ग्रिडपुढे कोणता प्रश्न उभा केला, एवढे तरी त्याला सांगता आले पाहिजे. पहिल्या सत्रातील परिचय यास पुरा पडत नाही, कारण त्या वेळी विद्यार्थ्यापाशी विचारण्याजोगा प्रश्नच नसतो. तिसऱ्या सत्रातील प्रकल्पही पुरा पडतोच असे नाही, कारण त्याचा विषय उद्योगाच्या निकडीवरून ठरू शकतो.

या समीक्षेचे प्रयोजन युरोपापुरते नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी भारतीय विद्यापीठांना परदेशी विद्यापीठांसह संयुक्त पदवी देण्याचा मार्ग मोकळा केला. संयुक्त पदवीसाठी प्रत्येक सहभागी संस्थेतून किमान ३० टक्के श्रेयांक मिळविण्याची अट त्यांत आहे. श्रेयांक मोजता येतात. विषयाची एकात्मता मोजता येत नाही, म्हणून नियमात ती येणे कठीण. आपल्याकडे तिची गरज मात्र उघड आहे. महाराष्ट्रात सूर्य मावळल्यावरही उरणारी विजेची मागणी भागविताना १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचा आधार घ्यावा लागतो. अशा स्थितीत कोयनेच्या पाण्याचा हिशेब न जाणणारा सौरऊर्जेचा पदवीधर अर्धशिक्षितच राहील.

उपाय अवघड नाही. एकाच प्रदेशाचा ऊर्जाप्रश्न सर्व विद्यार्थ्यांनी तिन्ही सत्रे सोबत बाळगावा. प्रत्येकाने आपल्या विशेषविषयाच्या बाजूने त्याचे उत्तर द्यावे, आणि अखेरची मौखिक परीक्षा सर्व सहभागी विद्यापीठांच्या परीक्षकांनी एकत्र बसून घ्यावी. विद्यापीठांचे सहकार्य प्रवेशपत्रिकेवर आणि पदवीपत्रावर दिसतेच. ते परीक्षेच्या प्रश्नात दिसू लागेल, तेव्हाच अशा अभ्यासक्रमाला ‘संयुक्त’ हे विशेषण पूर्ण अर्थाने लागू होईल.